५३५ माणसांची यादी

ऑटवाला पाहुणे आले की संसद भवन, रिडो कालवा आणि मे महिना असेल तर ट्युलिपच्या बागा, हा इथल्या मराठी घरांचा ठरलेला कार्यक्रम. माझं ऐका, यातलं एखादं ठिकाण गाळा आणि त्यांना कार्पला न्या. शहराच्या पश्चिमेला, तासाभराच्या आत. आजूबाजूला शेतं, गवताचं एक टेकाड आणि एक साधं पत्र्याचं शेड. त्या शेडमधून आत शिरलं की बोगदा लागतो आणि त्याच्या पुढे जमिनीखाली चार मजले, सुमारे १ लाख चौरस फूट.

हे डीफेनबंकर, म्हणजे अणुयुद्ध झालं तर सरकारने लपायची जागा. पंतप्रधान जॉन डीफेनबेकर यांच्या सरकारने १९५९ ते १९६१ या काळात बांधलेलं. लोकांना सांगितलं, लष्कराचं संदेशवहन केंद्र होतंय. टोरोंटोच्या एका पत्रकाराने विमानातून जागा पाहिली, तर आवारात बसवायचे ७८ संडास मांडून ठेवलेले! एवढे संडास कोणासाठी, हा प्रश्न पेपरात छापून आला आणि गुपित फुटलं. अणुयुद्धाचं गुपित संडासांनी फोडावं, हे मला फार आवडतं.

बांधकाम मात्र अफाट आहे. बोगदा दोन्ही टोकांना उघडा ठेवलाय. स्फोटाची लाट एका बाजूने घुसली तर दुसरीकडून निघून जावी म्हणून. बंकरचे जाडजूड दरवाजे त्या बोगद्याच्या कडेला, काटकोनात. हिशोब असा होता की १.८ किलोमीटरवर ५ मेगाटनचा बॉम्ब फुटला तरी आतली माणसं वाचावीत. बॉम्बर विमानांच्या काळात हे जमलंही असतं, कारण विमानं यायला काही तास लागतात. क्षेपणास्त्रं आल्यावर ऑटवाहून इथे पोचायलाच वेळ उरला नाही.

पण मला तिथे काँक्रीटपेक्षा जास्त सतावते ती यादी. आत जागा ५३५ जणांची, शिधा ३० दिवसांचा. पंतप्रधान, मंत्री, अधिकारी, सैनिक, आणि देशाशी बोलायला सीबीसीचा, म्हणजे कॅनडाच्या सरकारी प्रसारण संस्थेचा, रेडिओ स्टुडिओ. कुटुंबाला प्रवेश नाही. पंतप्रधानांच्या बायकोलासुद्धा नाही. ऑलिव्हला सोडून मी जाणार नाही, असं डीफेनबेकर म्हणाले होते असं सांगतात. आणि सगळ्यात खालच्या मजल्यावर काय, तर बँक ऑफ कॅनडाची तिजोरी, देशाचं सोनं ठेवायला. म्हणजे बायकापोरांना जागा नाही, सोन्याला आहे. सोनं पुढे कधी आलंच नाही, ते सोडा.

बाकी जनतेसाठी त्याच सरकारने पुस्तिका काढल्या: आपापल्या तळघरात निवारा कसा बांधावा. खर्च आपापला, हे वेगळं सांगायला नको.

गंमत म्हणजे कार्पला हे खोदकाम चालू असतानाच, १९६० मध्ये, कॅनडाने दिलेली अणुभट्टी आपल्या ट्रॉम्बेत सुरू झाली. शांततेसाठी. १९७४ च्या पोखरण चाचणीचं प्लुटोनियम त्याच भट्टीतलं, आणि त्यावरून कॅनडाने आपल्याशी अणुसहकार्य तोडलं. एका हाताने भट्टी द्यायची, दुसऱ्या हाताने बंकर खणायचं. बरं, दोन्ही मनापासून!

बंकर वापरात असताना आत गेलेले पंतप्रधान एकच, पियरे ट्रुडो, १९७६ मध्ये. त्यानंतर त्यांनी त्याच्या खर्चाला कात्री लावली. १९९४ मध्ये लष्कराने जागा सोडली आणि १९९८ पासून संग्रहालय आहे, तेही गावकऱ्यांच्या खटपटीमुळे. आता तिथे एस्केप रूमचे, म्हणजे कोडी सोडवत ठरल्या वेळात बाहेर पडायचे, खेळही चालतात. मला ते खटकतं. जिथून बाहेर पडायचा प्रश्नच नव्हता, तिथे बाहेर पडण्याची शर्यत! पण सरकारी खात्याचं नाही, संस्थेने चालवलेलं संग्रहालय आहे, वीजबिल कोणीतरी भरायलाच हवं.

गेलात तर गाईडबरोबर फिरा, आणि त्या मंत्र्यांच्या घरच्यांना काय सांगायचं ठरलं होतं ते जरूर विचारा. उन्हाळ्यातही अंगावर काहीतरी असू द्या, आत गार असतं.