१५४६ च्या आधीच्या याद्या उघडून बघा: बायबलमधल्या ‘घुसडलेल्या’ सात पुस्तकांबद्दल

व्हॉट्सॲपवर एक मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय. सार असं: “पहिली दीड हजार वर्षं बायबल ६६ पुस्तकांचंच होतं. लूथरसमोर अडचण झाली म्हणून रोमने १५४६ साली ट्रेंटच्या परिषदेत सात पुस्तकं घुसडली, तीही अवघ्या २४ मतांनी. हेतू एकच, पर्गेटरीला आधार मिळवणं. येशूने आणि प्रेषितांनी त्यांतलं काही उद्धृत केलेलं नाही. जेरोमनेही ती नाकारली होती.” (लूथर म्हणजे सोळाव्या शतकात रोमच्या कॅथलिक चर्चपासून फुटलेल्या प्रोटेस्टंट चळवळीचा जर्मन प्रवर्तक; परिषद म्हणजे चर्चच्या बिशपांची सभा; पर्गेटरी म्हणजे स्वर्गात जाण्याआधी मृतात्म्यांची जिथे शुद्धी होते ती अवस्था, आणि जिवंतांच्या प्रार्थनेने त्यांना मदत होते असं कॅथलिक मानतात; जेरोम म्हणजे बायबलचा प्राचीन लॅटिन अनुवादक.)

पुस्तकं कोणती ते आधी. तोबीत, यूदीथ, ज्ञानग्रंथ, बेन सिरा, बारूख, १ मक्काबी, २ मक्काबी. शिवाय एस्तेर आणि दानिएल या पुस्तकांतले काही जादा भाग, जे मजकूर लिहिणारा हमखास विसरतो. प्रोटेस्टंटांच्या मराठी ‘पवित्र शास्त्रा’त दानिएल १२ व्या अध्यायावर संपतो आणि मलाखीनंतर थेट मत्तय येतो. कॅथलिक बायबलमध्ये दानिएलचे १४ अध्याय असतात, जुन्या कराराची पुस्तकं ३९ ऐवजी ४६ भरतात आणि एकूण ७३ होतात.

‘१५४६ साली घुसडली’ हा दावा सर्वांत कच्चा. फ्लॉरेन्सच्या परिषदेने १४४२ साली कॉप्ट, म्हणजे इजिप्तमधल्या ख्रिस्ती लोकांसाठी जे फर्मान काढलं, त्यात हीच सातही पुस्तकं नावानिशी आहेत. तेव्हा लूथरचा जन्मही झाला नव्हता. गुटेनबर्गने १४५५ च्या सुमाराला छापलेल्या लॅटिन बायबलमध्येही ती आहेत. आणखी मागे गेलं तर उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजच्या परिषदेची ३९७ ची यादी सापडते. ही यादी वाचताना मात्र बरेच जण फसतात. तिच्यात ‘शलमोनाची पाच पुस्तकं’ असं लिहिलंय. नीतिसूत्रे, उपदेशक, गीतरत्न अशी तीनच मोजून लोक थांबतात. उरलेली दोन म्हणजे ज्ञानग्रंथ आणि बेन सिरा. बारूखचं नाव तिथे दिसत नाही, कारण तेव्हा तो यिर्मयाच्या पोटात धरला जाई. “बघा, बारूख नाहीच!” असं म्हणणाऱ्याने हा हिशेब आधी लावावा.

२४ मतांचं काय? आकडा खरा आहे: २४ बाजूने, १५ विरोधात, १६ तटस्थ. पण पुस्तकं घ्यायची की नाही यावर ते मतदान नव्हतंच. यादी न मानणाऱ्यावर बहिष्काराचा शिक्का मारायचा का, एवढाच प्रश्न होता. जुनी यादी कायम ठेवण्याबद्दल सभेत वाद नव्हता. ट्रेंटने नवीन काय केलं, तर चर्चा बंद केली. ‘ही पुस्तकं वाचावीत, पण दर्जा दुय्यम’ असं म्हणायला कॅथलिक विद्वानांना तोवर जी जागा होती, ती ८ एप्रिल १५४६ रोजी संपली. टीका करायची तर ती या गोष्टीवर करता येईल.

पर्गेटरीचा मुद्दा तर मजकुरावरच उलटतो. २ मक्काबीच्या १२ व्या अध्यायात लढाईत पडलेल्या सैनिकांच्या अंगरख्यांखाली याम्नियाच्या मूर्तींचे ताईत सापडतात. त्यांचा ज्यू सेनापती यहूदा मक्काबी दोन हजार द्राख्मा चांदी गोळा करतो आणि मृतांच्या पापासाठी अर्पण करायला यरुशलेमला पाठवतो. कॅथलिक अंत्यविधीच्या मिस्सासाठी (उपासनाविधीसाठी) ठरवलेल्या वाचनांत हा उतारा आजही आहे. १५१९ साली लाइपझिगच्या वादविवादात योहान एक (Eck) या कॅथलिक धर्मपंडिताने लूथरपुढे नेमका हाच उतारा ठेवला. लूथरचं उत्तर होतं की हे पुस्तक प्रमाणग्रंथांत मोडत नाही. हे ट्रेंटच्या २७ वर्षं आधीचं. जे पुस्तक अजून ‘घुसडलेलं’च नाही, त्यावर हरकत कशी घेतली असेल? आणि पर्गेटरीची शिकवण तर ल्योंच्या परिषदेने १२७४ सालीच मांडली होती.

उद्धृत करण्याची कसोटी लावायची तर दोन्ही बाजूंना लावा. नव्या करारात एस्तेरमधलं एकही वचन नाही, गीतरत्नातलंही नाही. तरी ती कोणी काढत नाही. उलट नव्या करारातल्या यहूदाच्या पत्रात हनोखच्या पुस्तकातलं वचन सरळ दिलंय, आणि ते पुस्तक कॅथलिक आणि प्रोटेस्टंट या दोघांच्याही बायबलमध्ये नाही. इब्री लोकांस पत्राच्या ११:३५ मध्ये पुनरुत्थानाच्या आशेने छळ सोसणारे जे लोक येतात, त्यांची गोष्ट २ मक्काबीच्या सातव्या अध्यायातली आहे, हे बहुतेक अभ्यासक मानतात, प्रोटेस्टंटसुद्धा.

राहिला जेरोम. इथे मजकुरात दम आहे आणि तो मान्य करायला हवा. हिब्रूत नसलेली पुस्तकं प्रमाण नाहीत असं जेरोमने स्पष्ट लिहिलं. तरी बिशपांच्या आग्रहाखातर त्याने तोबीतचं भाषांतर केलं, तेही एका दिवसात: दुभाषा अरामीतून हिब्रूत सांगायचा, जेरोम लॅटिनमध्ये लेखनिकाला सांगत जायचा. अलेक्झांड्रियाचा बिशप अथानासिअस याने ३६७ च्या पत्रात तोबीत, यूदीथ, ज्ञानग्रंथ आणि बेन सिरा ‘वाचनीय, पण प्रमाण नव्हे’ या गटात टाकले. मात्र त्याच गटात त्याने एस्तेरही टाकली आणि बारूख प्रमाण ग्रंथांत धरला, म्हणजे त्याची यादी आजच्या कोणाच्याच यादीशी जुळत नाही. १५१८ साली आउग्सबुर्गला लूथरची झडती घेणारा कार्डिनल कायेतान या बाबतीत जेरोमच्याच बाजूचा होता. प्रोटेस्टंट बाजू मांडणाऱ्याने हा धागा धरावा. तो सोडून ट्रेंटच्या तारखेला लटकणं म्हणजे चांगला खटला वाईट साक्षीदारावर हरणं.

कॅथलिक गटांत फिरणारं उत्तरही धड नाही. ‘लूथरने सात पुस्तकं फाडून टाकली’ म्हणे. १५३४ च्या त्याच्या जर्मन बायबलमध्ये ती आहेत, दोन करारांच्या मध्ये, ‘पवित्र शास्त्राच्या बरोबरीची नव्हेत, तरी वाचायला उपयुक्त आणि चांगली’ अशा मथळ्याखाली. १६११ च्या इंग्रजी किंग जेम्स बायबलमध्येही ती होती. प्रोटेस्टंट बायबलमधून ती सरसकट गायब होण्यामागे बराचसा हात १८२६ चा आहे: ब्रिटिश अँड फॉरेन बायबल सोसायटीने ती छापायला पैसे देणं तेव्हा बंद केलं.

खरा वाद अधिकाराचा आहे. कॅथलिक म्हणतो, शतकानुशतकं चर्चने उपासनेत जे वाचलं त्यावर परिषदेने शिक्का मारला, विषय संपला. प्रोटेस्टंट म्हणतो, परिषदही चुकू शकते, आणि जुन्या कराराची हद्द हिब्रू ग्रंथांनी ठरते. त्यावर कॅथलिक विचारतो, मग नव्या कराराच्या २७ पुस्तकांची हद्द कोणी ठरवली? हा टोमणा लूथरला लागू पडतो: १५२२ च्या नव्या करारात त्याने इब्री लोकांस पत्र, याकोब, यहूदा आणि प्रकटीकरण ही चार पुस्तकं अनुक्रमणिकेत क्रमांक न देता शेवटी ढकलली होती. त्याच्या अनुयायांनी पुढे ती प्रमाण मानली.

१९६८ साली बायबल सोसायट्या आणि व्हॅटिकन यांनी एकत्र भाषांतरासाठी नियम आखले. सामायिक आवृत्तीत ही पुस्तकं असतात, पण स्वतंत्र विभागात, नव्या कराराच्या आधी. जवळपास लूथरने ठेवली होती तिथेच.