‘चूक चालकाचीच’ या प्रतिक्रियेला उत्तर

द्रुतगती मार्गांच्या रॅम्पवर, म्हणजे मुख्य रस्त्यावर चढण्या-उतरण्याच्या जोडरस्त्यांवर, मी जे लिहिलं, त्यावर ‘अपघातात चूक चालकाचीच’ ही तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. ‘एसीत बसून नकाशे काढणाऱ्यांनी आम्हाला गाडी शिकवू नये’ हे वाक्य गाळूनही मुद्दा मांडता आला असता. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग ९४.५ किलोमीटरचा आहे आणि मी ९५ लिहिलं, ही चूक मान्य. दुरुस्त केली आहे.

पण ‘चालक शहाणा असेल तर रॅम्प कसाही चालतो’ हे मी सोडून देणार नाही. अठरा वर्षं रॅम्पचे आराखडेच तपासतो आहे.

१००च्या वेगात गाडी सेकंदाला २८ मीटर जाते. पुढे ४०च्या वेगाचं वळण असेल, तर जोरात ब्रेक न मारता वेग उतरवायला साधारण २१५ मीटर लागतात. ही लांबी बाहेर पडण्याच्या वेगळ्या लेनमध्येच मिळायला हवी. तिथे ८० मीटरच दिले, तर तुमचा शहाणा चालक मुख्य लेनमध्येच वेग कमी करतो आणि मागचा ट्रक त्याच्यावर येतो. आता सांगा, चूक कोणाची?

वळणाचंही तसंच. बाहेरची कड ७ टक्के उचलली, तर ४०च्या वेगाला सुमारे ६० मीटर त्रिज्या पुरते. ६०च्या वेगाला १३० लागते. ६० मीटर त्रिज्येच्या लूपवर, म्हणजे गोल वळत जाणाऱ्या रॅम्पवर, कोणी ६०ने शिरला, तर उंच माल भरलेला ट्रक घसरण्याआधीच कलंडू शकतो. म्हणून उतरल्या उतरल्या लूप सुरू करायचा नसतो. मध्ये सरळ तुकडा आणि वेगाचा फलक लागतो. रॅम्पवरून मुख्य रस्त्यावर शिरताना उलट अडचण: भरलेल्या ट्रकला ४०वरून ८०वर यायला सपाटीवरही अर्ध्या किलोमीटरहून जास्त अंतर लागतं, चढावर तर त्याहून किती तरी जास्त.

एक्झिट चुकल्यावर रिव्हर्स घेणारा ‘मरणारच’, असं तुम्ही लिहिता. ही भाषा मला सहन होत नाही. त्याला २ किलोमीटर, १ किलोमीटर आणि ५०० मीटर आधी फलक दिसले होते का? मुख्य रस्त्याला जिथे एक्झिटचा फाटा फुटतो तिथे धक्का शोषणारं क्रॅश कुशन होतं, की काँक्रीटचं उघडं टोक?



पुढच्या वेळी शेजारी बसलेल्याला सेकंद मोजायला सांगा. १००ने एक्झिटच्या लेनमध्ये शिरल्यापासून ४०च्या वळणापर्यंत किमान ११ सेकंद मिळायला हवेत. किती मिळाले, ते इथेच लिहा.