मीठफुटीच्या रानात नुसतं जिप्सम टाकून भागत नाही

वाळव्याच्या आमच्या पाहुण्यांनी काल एक मेसेज पुढं पाठवला आणि खाली विचारलं, "गाडी मागवू का?" मेसेज असा: मीठफुटीच्या, म्हणजे क्षार वर येऊन पांढऱ्या पडलेल्या रानात एकरी दोन टन जिप्सम टाका, रान तुडुंब भरा, मीठ खाली जातं. पाईपचा निचरा, म्हणजे जमिनीत छिद्रांचे पाईप पुरून पाणी काढणं, हा ठेकेदारांचा धंदा आहे. पाणी सुटलंच तर ओढ्यात सोडा, नदी वाहून नेते. एवढं करूनही रान सुधारलं नाही तर दोष कसणाऱ्याचा, विकून मोकळं व्हा.

गाडी मागवू नका.

जिप्समचं अर्धं खरं आहे, तेवढं मान्य. चोपण रानात मातीच्या कणांना सोडियम चिकटलेलं असतं. जिप्सममधलं कॅल्शियम त्याची जागा घेतं. पण रान नुसतं क्षारयुक्त असेल तर पैसे पाण्यात. हे कसं ओळखायचं ते अमेरिकी कृषी खात्याच्या 1954 सालच्या 60 क्रमांकाच्या पुस्तिकेत आहे. ईसी (क्षार किती ते दाखवणारी विद्युतवाहकता, डेसिसीमेन प्रति मीटरमध्ये) 4 च्या वर, सामू (पीएच) 8.5 च्या आत आणि विनिमययोग्य, म्हणजे कणांना चिकटलेलं सोडियम 15 टक्क्यांच्या आत, तर क्षारयुक्त. ईसी 4 च्या आत पण सोडियम 15 टक्क्यांच्या वर, तर चोपण. यातली खोच अशी, की ते 4 संपृक्त मातीच्या, म्हणजे पाण्यानं पुरत्या भिजवलेल्या मातीच्या अर्कातलं आहे. आपल्याकडचा अहवाल बहुधा एक भाग माती, अडीच भाग पाणी अशा द्रावणाचा असतो. त्यात आकडा बराच कमी दिसतो आणि खराब रान चांगलं ठरतं. पद्धत विचारून घ्या. नमुने 0 ते 30, 30 ते 60 आणि 60 ते 90 सेंटिमीटरचे वेगवेगळे काढा.

रान तुडुंब भरा, हा सल्ला तर घातकच. काळ्या रानात मीटरभर खाली पाणी उभं असेल तर वरून भरलेलं पाणी जाणार कुठं? पातळी आणखी वर येते, उन्हात ते पाणी मातीतून वर चढून उडून जातं आणि मीठ तेवढं माथ्यावर राहतं. जिप्समनं सुटलेलं सोडियमसुद्धा तिथंच अडकतं. गिरमिटानं दोन मीटर भोक घ्या, त्यात छिद्रांचा पाईप उभा करा, दुसऱ्या दिवशी पातळी मोजा. पाणी वर असेल तर आधी निचरा, मग अहवालातल्या मात्रेइतकं जिप्सम वरच्या थरात मिसळून पाणी, मग ताग किंवा धैंचा हे हिरवळीचं खत. पाईप टाकताना उतार मध्येच उलटा झाला की गाळ बसतो, फिल्टरचं कापड नसलं की छिद्रं बुजतात, आणि तोंड ओढ्याच्या पावसाळी पातळीखाली गेलं की पाणी उलटं रानात येतं. ठेकेदार लुबाडतात हे खरं. म्हणून कामावर स्वतः उभं राहायचं, काम टाळायचं नाही.

नदी वाहून नेते म्हणे! उन्हाळ्यात कृष्णेला धार किती असते? खालच्या गावांच्या नळाला तेच पाणी येतं. प्रदूषणमुक्त पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं 1991 सालीच सांगितलंय. निचऱ्याचं पाणी पावसाळी प्रवाहातच सोडायला हवं.

आणि दोष कसणाऱ्याचा? पाझर पाटाचा, जादा पाणी वरच्या उसाचं, आणि मीठ फुटतं सखल भागातल्या एक-दोन एकरवाल्याच्या रानात. त्यालाच विक म्हणायचं, हा शुद्ध अन्याय आहे. कुणी नैसर्गिक नाला बुजवून पाणी अडवलं असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम 1906 च्या कलम 5 खाली तहसीलदार अडथळा काढायला लावू शकतात. अर्ज सहा महिन्यांच्या आत करावा लागतो, म्हणून बुजवलेला नाला दिसला की लगेच फोटो काढा आणि तलाठ्याकडून पंचनामा करून घ्या.