भास्कराचार्यांनी ‘नुसतं संकलन’ केलं का? एका प्रतिक्रियेला उत्तर

सविस्तर प्रतिक्रियेबद्दल मनापासून आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: ‘भावना’ (अशा समीकरणाची दोन उत्तरं जोडून नवं उत्तर काढण्याची रीत) ब्रह्मगुप्ताची, ‘चक्रवाल’ (फेऱ्या घेत उत्तरापर्यंत पोचण्याची रीत) जयदेव या आधीच्या गणितज्ञाचं, भास्कराचार्यांनी नुसतं संकलन केलं, तेही रीती सांगून, सिद्धता न देता. म्हणून माझ्या लेखातलं त्यांचं कौतुक अवाजवी.

उसनवारी खुद्द आचार्यांनीच मान्य केली आहे. आपल्या ‘बीजगणित’ या ग्रंथाच्या शेवटी ते ब्रह्मगुप्त, श्रीधर, पद्मनाभ यांची नावं घेतात आणि सांगतात की त्यांचे ग्रंथ फार विस्तृत, म्हणून सार काढून शिष्यांसाठी हा छोटा ग्रंथ केला. जयदेवाची रीत तर उदयदिवाकर या टीकाकाराने १०७३ मध्येच उद्धृत केली आहे, आचार्यांचा जन्म १११४ चा. यात वादच नाही. पण हे ‘संकलन’ शिकवलं जावं म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने चाळीसगावजवळच्या पाटण्याला मठ काढला, हेही विसरू नका. तिथला शिलालेख आजही त्याची साक्ष देतो.

‘सिद्धता नाही’ हे मात्र मला अजिबात पटत नाही. बीजगणितातलंच उदाहरण घ्या. काटकोन त्रिकोणाच्या बाजू १५ आणि २०, तर कर्ण किती? २५ हे उत्तर कुणीही देईल. पण आचार्य त्याच श्लोकात पुढे विचारतात: या रूढ गणिताची उपपत्ती, म्हणजे सिद्धता, सांगा! मग असे चार त्रिकोण, कर्ण बाहेरच्या बाजूला येतील असे मांडायचे. मोठा चौरस होतो आणि मधे ५ बाजूचा छोटा चौरस उरतो. चार त्रिकोणांचं क्षेत्रफळ ६००, मधलं २५, एकूण ६२५. म्हणून कर्ण २५. बाजू कोणत्याही घ्या, युक्ती तीच चालते. ही सिद्धता नाही तर काय?

आता चक्रवाल. ज्या संख्येच्या वर्गाला ६१ ने गुणून १ मिळवला की पुन्हा पूर्ण वर्ग येतो, ती संख्या शोधायची. सुरुवात १ पासून: ६१ × १ + ३ = ६४, म्हणजे ८ चा वर्ग. मिळवलेला ३ म्हणजे ‘क्षेप’; तो १ वर आणायचा. आता ८ मधे असा अंक मिळवायचा की बेरजेला ३ ने भाग जाईल आणि त्या अंकाचा वर्ग ६१ च्या जवळ राहील. तो ७. १५ भागिले ३, आले ५. पडताळा: ६१ × २५ − ४ = १५२१, म्हणजे ३९ चा वर्ग. एका फेरीत क्षेप −४ वर आला. तिथून ब्रह्मगुप्ताची भावना पुन्हा पुन्हा लावली की उत्तर हाती येतं: २२,६१,५३,९८०. ६१ च्या जागी शंभराच्या आतली दुसरी कुठलीही संख्या घेतली तरी सर्वांत लहान उत्तर एवढं मोठं येत नाही. नेमका ६१ निवडणारा माणूस दुसऱ्याची रीत नुसती उतरवून काढत नव्हता, असं माझं ठाम मत आहे. फर्मा या फ्रेंच गणितज्ञानेही १६५७ मध्ये फ्रेनिकल या दुसऱ्या गणितज्ञाला हाच ६१ कोडं म्हणून घातला होता.

हे चक्र दर वेळी १ वर पोचतंच, याची सिद्धता मात्र आचार्यांनी दिलेली नाही. अशा समीकरणाला उत्तर असतंच, हे अठराव्या शतकात लाग्रांज या गणितज्ञाने सिद्ध केलं. तेवढ्यापुरता तुमचा आक्षेप मला मान्य आहे.