‘जपानमध्ये सिलिअ‍ॅकवाल्यांची चंगळ’ म्हणे!

माझ्या मावसभावाला सिलिअ‍ॅक असल्याचं यंदा निदान झालं (गहू-बार्लीतलं ग्लुटेन हे प्रथिन पोटात गेलं की शरीर आपल्याच आतड्याला इजा करतं, तो हा आजार) आणि आता कंपनी त्याला ओसाकाला पाठवतेय. झालं, घरच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरायला लागला. मावशीने तो त्याला पाठवला, मला पाठवला, आणि मी फोन केला तर म्हणते, ‘अगं, डॉक्टरांनीच लिहिलंय.’ कुठल्या डॉक्टरांनी, त्याचा पत्ता नाही. मला स्वतःला सिलिअ‍ॅक आहे आणि मी टोकियोत राहते, त्यामुळे गप्प बसवत नाही.

फॉरवर्डचं म्हणणं थोडक्यात असं: जपान भाताचा देश, तिथे ग्लुटेनचा प्रश्नच येत नाही. सोया सॉस आंबवलेला असतो, म्हणून त्यातलं ग्लुटेन संपलेलं असतं. सोबा नूडल्स कुट्टूच्या, त्या बिनधास्त खा. पाकिटावर सगळं लिहिलेलं असतं. चुकून थोडं पोटात गेलं आणि त्रास झाला नाही, म्हणजे ते चालतं. आणि काहीच नाही मिळालं तर गरम भातावर घरून नेलेलं मेतकूट.

आधी सोया सॉस, कारण घात होणार तो तिथेच. जपानात सोया सॉसला शोयू म्हणतात आणि रोजच्या वापरात असतो तो कोइकुची शोयू. त्यात सोयाबीन आणि भाजून भरडलेला गहू साधारण निम्मे-निम्मे असतात. गहू चवीपुरता नाही, निम्मा! आणि हा शोयू काही सुशीशेजारच्या वाटीत शहाण्यासारखा बसून राहत नाही. तेरियाकीत तो, उनागीवर (ईल माशावर) फासलेल्या गोडसर सॉसमध्ये तो, नूडल्सच्या रश्श्यात तो, शिजवलेल्या भाज्यांत तो. दुकानातल्या कितीतरी ओनिगिरींच्या, म्हणजे भाताच्या गोळ्यांच्या, भातातसुद्धा तो असतो. भाताच्या देशात भात साधाच मिळेल, याचीही खात्री नाही.

आता ‘आंबवल्यावर ग्लुटेन संपतं’. यात अर्धं खरं आहे, म्हणूनच ते खपतं. शोयू महिनोन्महिने मुरतो तेव्हा गव्हाच्या प्रथिनांचे तुकडे होतात, मान्य. पण तुकडे झाले म्हणजे नाहीसं झालं नाही. सिलिअ‍ॅकमध्ये शरीर त्या छोट्या तुकड्यांवरही उलटतं. मग कुणीतरी लॅबचा रिपोर्ट पुढे करतं, की बघा, जवळजवळ शून्य. तो आकडा कसा येतो ते सांगते. नेहमीची सँडविच एलायझा चाचणी ग्लुटेनच्या रेणूला दोन ठिकाणी पकडते. तुकडा लहान असला की दुसरी पकड बसायला जागाच उरत नाही आणि आकडा कमी येतो. तुकडा असतो तिथेच, फक्त मोजला जात नाही. हे माझं डोकं नाही. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न-औषध प्रशासनाने, ऑगस्ट २०२० मध्ये आंबवलेल्या पदार्थांसाठी वेगळा नियम केला तो याच कारणाने: अशा पदार्थातलं ग्लुटेन खात्रीने मोजणारी पद्धत नाही, त्यामुळे ‘ग्लुटेन-फ्री’ लिहायचं असेल तर आंबवण्याआधीच कच्चा माल ग्लुटेन-फ्री होता याच्या नोंदी उत्पादकाने ठेवायच्या. निम्मा गहू घालून केलेला शोयू या नियमात बसूच शकत नाही. फॉरवर्ड लिहिणाऱ्या ‘डॉक्टरां’नी हे वाचलं असतं तर बरं झालं असतं.

गव्हाशिवायचा तामारी मिळतो, तोही सोया सॉसचाच प्रकार. पण सगळ्याच तामारीत गहू शून्य असतो असं नाही, थोडा घातलेलाही असतो. बाटली फिरवून वाचायची.

‘त्रास झाला नाही म्हणजे चालतं’ हे तर मला सगळ्यात जास्त चीड आणणारं. पोट दुखलं नाही म्हणून आतडं ठणठणीत असतं असं नाही. २००७ साली इटलीतल्या संशोधकांनी पथ्यावर स्थिरावलेल्या रुग्णांना तीन महिने रोज ५० मिलिग्रॅम ग्लुटेन दिलं, तर आतड्याची हानी बायोप्सीत दिसली. ब्रेडच्या एका स्लाइसमध्ये दोन ग्रॅमच्या वर ग्लुटेन असतं, म्हणजे ५० मिलिग्रॅम हा त्याचा चाळिसावा भागसुद्धा नाही. रोज जेवताना ‘एवढ्याशा सॉसने काय होतंय’ म्हणणाऱ्याला तेवढं गाठायला कितीसा वेळ लागणार?

सोबाचं फार लांबवत नाही. निव्वळ कुट्टूची ती जुवारी सोबा. पण पुष्कळ दुकानांत निहाची मिळते, म्हणजे आठ भाग कुट्टू आणि दोन भाग गहू. जुवारी सापडली तरी ती उडोनच्याच (गव्हाच्या जाड नूडल्सच्या) पाण्यात उकळलेली असू शकते, आणि बुडवायचा रस्सा पुन्हा शोयूचाच. तेम्पुरा, कात्सू, करीचा रू यांत गव्हाचं पीठ असतं हे निदान फॉरवर्डनेही नाकारलेलं नाही, उपकार!

आणि मेतकूट! आपल्याकडच्या पारंपरिक मेतकुटात डाळ-तांदळासोबत मूठभर गहूही भाजून घालतात. वर हिंग. बाजारातल्या डबीतल्या हिंगात बहुतेक वेळा मैदा किंवा गव्हाचं पीठ असतं. म्हणजे सगळं चुकलं तर वापरायचा जो उपाय, त्यातच गहू. न्यायचंच असेल तर मावशीने गहू वगळून, तांदळाच्या पिठातला हिंग शोधून करावं.

पाकिटांबद्दल मात्र फॉरवर्डला थोडे गुण द्यावे लागतील, नाइलाजाने. जपानात पाकिटबंद पदार्थांवर गव्हाचा उल्लेख सक्तीचा आहे आणि तो नीट असतो. तांदळाच्या पिठावर ‘नॉन-ग्लुटेन’ लिहायची मर्यादा तर १ पीपीएमची (दहा लाख भागांत एक भाग) आहे, आपल्याकडे आणि अमेरिकेत ‘ग्लुटेन-फ्री’साठी २० पीपीएमपर्यंत चालतं. पण त्या सक्तीच्या यादीत बार्ली नाही. क्यूशू बेटाकडचं मुगी मिसो (सोयाबीन आंबवून केलेली पेस्ट) बार्लीचं असतं, ते ॲलर्जीच्या चौकटीत दिसणार नाही, घटकांची पूर्ण यादी वाचावी लागते. शिवाय ही सक्ती पाकिटांना आहे, हॉटेलांना नाही.

हॉटेलात ‘सिलिअ‍ॅक’ म्हणून उपयोग नाही, हा आजार तिथे इतका दुर्मीळ आहे की वाढणाऱ्याने तो ऐकलेलाच नसतो. गहू, बार्ली आणि शोयू चालत नाही असं जपानीत लिहिलेलं कार्ड दाखवायचं. काही ठिकाणी नम्रपणे ‘आम्हाला जमणार नाही’ म्हणतील, तर उठायचं. मिळेल तिथे साशिमी (कच्च्या माशाचे काप) आणि खिशातला आपला तामारी, मीठ लावून भाजलेला मासा, एदामामे (सोयाबीनच्या हिरव्या शेंगा), पांढरा भात. आणि बसल्या बसल्या समोर येणारा मुगिचा हा गार चहा बार्लीचाच असतो. तो बाजूला सारून साधं पाणी मागायचं.