मीठ-व्हिनेगरने पट्ट्याचा रंग पक्का होत नाही

गॅदरिंगचे दिवस आले की एक मेसेज फिरतो: मावळ्याच्या वेशाचा कापडी कमरपट्टा कुठलाही असो, रंगाच्या गरम पाण्यात मूठभर मीठ आणि दोन चमचे व्हिनेगर टाका, रंग पक्का बसतो. हे अर्धवट खरं आहे, आणि फसगत त्या अर्ध्यातच होते.

मीठ सुती कापडाकडे रंग ओढायला मदत करतं, पण त्याला पक्कं करत नाही. सुतावर पक्का रंग हवा तर रिॲक्टिव्ह रंग (सुताच्या धाग्याशी रासायनिक बंध जोडणारे) आणि धुण्याचा सोडा लागतो. व्हिनेगर लोकर, रेशीम, नायलॉनच्या ॲसिड रंगांसाठी. सुताला त्याचा उपयोग नाही. पॉलिस्टरला तर डिस्पर्स रंग (पाण्यात जवळपास न विरघळणारे, बारीक कणांचे) आणि जवळजवळ उकळतं पाणीच हवं.

म्हणून आधी पट्ट्याचा एक धागा चिमट्यात धरून, सिंकवर जाळून बघा. कागद जळाल्यासारखा वास आणि भुरभुरीत राख म्हणजे सूत. वितळून कडक मणी झाला तर पॉलिस्टर किंवा नायलॉन. नवारीच्या सुती पट्ट्यावरही शिवणीचा दोरा बहुधा पॉलिस्टरचा असतो. पट्टा गडद लाल झाला तरी टाके पांढरेच चमकतात. (मला ते आवडतं, पण ज्याची त्याची आवड.)

आणि सुटा रंग निघेपर्यंत पट्टा धुवाच, नाहीतर घामाने पांढऱ्या अंगरख्याच्या कमरेवर लाल पट्टा उमटेल.