‘एक्स्पोनेन्शियल’ म्हणजे नुसतं ‘झपाट्याने’ नव्हे

सध्या एक फॉरवर्ड फिरतोय: ‘एक्स्पोनेन्शियल म्हणजे झपाट्याने. मराठीत त्याला शब्दच नाही. भारताची लोकसंख्या अशीच वाढत आलीय.’ तीन वाक्यं, आणि तिन्हींत गफलत.

झपाटा हा वेग झाला. एक्स्पोनेन्शियल ही वाढीची तऱ्हा आहे: जेवढं साठलंय त्याच्या ठरावीक प्रमाणात भर पडते आणि पुढच्या खेपेला ती भरही वाढायला लागते. दुधाला विरजण लावा. जंतू एकाचे दोन, दोनाचे चार होतात. उन्हाळ्यात काही तासांत दही तयार. पौषात मात्र सकाळी झाकण उघडावं तर दूध तसंच पातळ. तऱ्हा तीच, दुप्पट व्हायला वेळ जास्त. (दही आंबलं की जंतूही मंदावतात. अशी वाढ कुठेच कायम टिकत नाही.) उलट, धरणात दर तासाला तेवढंच पाणी येत असेल, तर साठा कितीही भराभर वाढो, ती वाढ एक्स्पोनेन्शियल नाही.

शब्द नाही म्हणता? मग शाळेत घोकलेलं चक्रवाढ व्याज काय होतं? सहा टक्के चक्रवाढीने लाखाचे दोन लाख व्हायला सुमारे १२ वर्षं लागतात. याला झपाटा कोण म्हणेल? (सरळव्याजाने १६ वर्षं ८ महिने, हे खरं.) ‘घातांकी’ हा प्रतिशब्द पुस्तकी वाटत असेल तर सोडा. २०२० मध्ये रुग्णसंख्या ‘दुप्पट होण्याचा कालावधी’ रोज बातम्यांत येत होता आणि तो सगळ्यांना कळत होता. सावकारीचा हिशेब तर त्याहून जुना. थकलेलं व्याज एका वेळी मुद्दलापेक्षा जास्त वसूल करायचं नाही, हा ‘दामदुप्पट’चा नियम जुन्या हिंदू कायद्यात होता. आज हा शब्द फसव्या योजनांच्या जाहिरातीत उरलाय, ते सोडा.

गप्पांत कोणी सैल वापरलं तर माझी तक्रार नाही. इंग्रजीतही तसंच चालतं. पण आकडे द्यायचे तर ते तपासावेत. १९९१ ते २००१ या दशकात देशात सुमारे १८ कोटी माणसं वाढली. २००१ ते २०११ मध्येही सुमारे १८ कोटीच. टक्केवारी २१.५ वरून १७.७ वर उतरली. दर खेपेला सारखीच भर, म्हणजे ही झाली गणिती श्रेणी. माल्थस या इंग्रज अर्थतज्ज्ञाने १७९८ मध्ये ती अन्नधान्यासाठी राखून ठेवली होती; लोकसंख्या मात्र चक्रवाढीने वाढते, असं त्याचं म्हणणं होतं.